मदत हवी आहे: ही अ‍ॅलर्जी की दुष्परिणाम? फार्माकॉलॉजीचा गुंता सुटत नाहीये

पाठ_होत_नाही

नमस्कार मंडळी. मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फार्माकॉलॉजीच्या तोंडी परीक्षेला तीन आठवडे उरलेत. अँटिबायोटिक्स, सूज उतरवणारी औषधं आणि वेदनाशामकं, या तीन प्रकरणांची मिळून शंभरावर ड्रग कार्डं लिहून झालीत. पण दुष्परिणामांच्या रकान्यात जिथे तिथे "मळमळ, उलटी, पुरळ, चक्कर". वरचं नाव झाकलं की कार्ड कुठल्या औषधाचं ते मलाच ओळखता येत नाही.

त्यात गेल्या आठवड्यात वॉर्डात हे झालं. एका काकांना २५० मिली सलाईनमधून १ ग्रॅम व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक लावलं होतं. पंप मोकळा नव्हता, म्हणून नळीवरच्या रोलरने (वेग कमी-जास्त करायचं चाक) थेंब मोजून. मी शेजारच्या खाटेवर बीपी घेत होते. काकांनी कूस बदलली, दुमडलेला हात सरळ झाला आणि ड्रिप धावायला लागली. माझं लक्षच नव्हतं. थोड्या वेळाने काका म्हणाले, "सिस्टर, मानेला आग होतेय. डोक्यातही खाज सुटलीय." बघते तर पंचवीस मिनिटांत बाटली संपत आलेली आणि कानामागून छातीपर्यंत लालभडक. सीनियर सिस्टरनी आल्या आल्या रोलर बंद केला, डॉक्टरांना बोलावलं. तासाभरात लाली उतरली. काका ठीक आहेत.

मी घाबरून फाइलवर लाल शाईने "व्हॅन्कोमायसिनची अ‍ॅलर्जी" असं लिहून टाकलं. मॅडमनी ते वाचून एवढंच विचारलं, "अ‍ॅलर्जी आहे हे कुणी ठरवलं?" मला उत्तर देता आलं नाही.

तर ही अ‍ॅलर्जी नसेल तर काय होतं? आणि आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल, स्टेरॉइड यांत नेमका फरक कसा लक्षात ठेवायचा? मॉर्फिनबद्दलही कुणी सांगितलं तर बरं होईल, त्याची मला अजून भीतीच वाटते.

रात्रपाळी

काका ठीक आहेत हे वाचून बरं वाटलं. इन्सिडंट रिपोर्ट भरला नसेल तर आधी तो भरा, मग पुढचं वाचा.

मॅडमचा प्रश्न बरोबर होता. लगेच उठणाऱ्या खऱ्या अ‍ॅलर्जीत शरीराने त्या औषधाविरुद्ध आयजीई नावाच्या अँटिबॉडी आधीच तयार करून ठेवलेल्या असतात. इथे तसं काही लागत नाही. व्हॅन्कोमायसिन भराभर रक्तात गेलं की ते स्वतःच मास्ट पेशींना हिस्टामिन (खाज-लाली आणणारं रसायन) सोडायला लावतं. म्हणून हे आयुष्यातल्या पहिल्या डोसलाही होऊ शकतं, आणि वेग कमी ठेवला तर त्याच माणसाला त्याच औषधाने बहुतेक वेळा काही होत नाही.

आता हिशोब करून बघा. वेग मिनिटाला १० मिलिग्रॅमच्या वर जाऊ द्यायचा नाही, आणि डोस लहान असला तरी किमान ६० मिनिटं घ्यायची. म्हणजे १ ग्रॅमला १०० मिनिटं. २५० मिली, १०० मिनिटं, आणि २० थेंबांना १ मिली देणारा सेट, म्हणजे मिनिटाला ५० थेंब. तुमच्या काकांना ते २५ मिनिटांत गेलं. चौपट वेग. एवढं गणित तोंडी परीक्षेत करून दाखवलंत तर परीक्षक दुसरं काही विचारणारही नाहीत.

याला पूर्वी 'रेड मॅन सिंड्रोम' म्हणत. आता ते नाव टाकून 'व्हॅन्कोमायसिन इन्फ्युजन रिअ‍ॅक्शन' म्हणतात, आणि नाव बदललं ते योग्यच झालं. गडद त्वचेवर लाली पटकन दिसत नाही. 'लाल' हा शब्द डोक्यात बसलेली नर्स लालीची वाट बघत राहते आणि पेशंट तिकडे मान खाजवत असतो. म्हणून विचारायचं: खाज येतेय का? आग होतेय का?

खाटेपाशी मात्र हा वाद घालत उभं राहायचं नाही. आधी रोलर बंद. शिरेतली सुई काढायची नाही, ती पुढे लागते. मग श्वास, बीपी, ओठ-जीभ बघायची. घरघर, सूज किंवा कोसळणारं बीपी दिसलं तर अ‍ॅनाफिलॅक्सिस (जीवघेणी अ‍ॅलर्जी) समजून मदतीची हाक मारायची. त्यात पहिलं औषध अ‍ॅड्रेनालिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. नुसती लाली-खाज असेल तर डॉक्टर बहुधा अँटिहिस्टामिन देतात आणि तेच औषध हळू वेगाने पुन्हा सुरू करायला सांगतात.

फाइलवर "अ‍ॅलर्जी" लिहिलं की ते सहजी पुसलं जात नाही. उद्या या काकांना एमआरएसएचा (नेहमीच्या अँटिबायोटिक्सना न जुमानणाऱ्या जिवाणूचा) संसर्ग झाला तर हाताशी असलेलं चांगलं औषध तुमच्या दोन शब्दांमुळे बाद होईल. डॉक्टरांशी बोलून नोंद दुरुस्त करून घ्या. काय झालं, किती मिनिटांत झालं आणि कशाने थांबलं, तेवढंच लिहायचं.

चौथा_डोस

याच्याशी १०० टक्के सहमत. "पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी" म्हणणाऱ्या पेशंटला मी नेहमी विचारते, म्हणजे नक्की काय झालं होतं? निम्म्या वेळा उत्तर येतं, "पोट बिघडलं होतं." ती अ‍ॅलर्जी नव्हे. पण अंगावर गांधी उठल्या होत्या, घसा सुजला होता असं म्हणाले तर हातातली सिरिंज ट्रेमध्ये परत ठेवायची आणि डॉक्टरांना फोन.

गोळीबंद

मी सगळे दुष्परिणाम यमकात बसवून पाठ केले होते. परीक्षा झाली, यमकं लक्षात राहिली, औषधं गेली.

त्यापेक्षा दुसऱ्या प्रश्नासाठी एक चित्र काढा. पाटाचं पाणी समजा. पेशीच्या पडद्यातून फॉस्फोलायपेज ए-२ हा दरवाजा उघडला की अ‍ॅराकिडोनिक आम्ल बाहेर पडतं. पुढे पाटाला दोन फाटे. एक कॉक्स एन्झाइममधून प्रोस्टाग्लँडिनकडे जातो, दुसरा ल्युकोट्राइनकडे. स्टेरॉइड वरचा दरवाजाच दाबून धरतं, त्यामुळे दोन्ही फाटे आटतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन फक्त कॉक्सचा फाटा अडवतात.

आता दुष्परिणाम पाठ करावेच लागत नाहीत. प्रोस्टाग्लँडिन सूज आणतं तसंच जठराचं अस्तर जपतं आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही टिकवतं. ते बंद केलं की अल्सर होणार, आणि अंगातलं पाणी कमी झालेल्या पेशंटचं क्रिएटिनिन (मूत्रपिंड मंदावलं की रक्तात वाढणारा घटक) चढणार. काही दमेकऱ्यांना अ‍ॅस्पिरिनने धाप का लागते? एक फाटा अडवल्यावर सगळा लोंढा ल्युकोट्राइनकडे वळतो आणि श्वासनलिका आवळतात. सरांनी हे फळ्यावर काढलं होतं तेव्हा मी मागच्या बाकावर डुलक्या काढत होतो. नोकरीत दमेकरी पेशंट समोर आला तेव्हा समजलं.

पॅरासिटामॉल या चित्रात बसवू नका. ताप आणि वेदना कमी करतं, सूज उतरवण्यात त्याचा उपयोग जवळजवळ नाही. त्याचा धोका यकृताला. प्रौढांना २४ तासांत सगळं मिळून ४ ग्रॅमच्या वर नाही, वजन कमी असेल किंवा यकृत आधीच अधू असेल तर त्याहून कमी. "सगळं मिळून" हे महत्त्वाचं, कारण सर्दीच्या गोळीतही तेच लपलेलं असतं. जास्त डोस घेतलेला पेशंट पहिल्या दिवशी ठणठणीत दिसू शकतो. त्यावर विश्वास ठेवायचा नाही. उतारा अ‍ॅसिटिलसिस्टीन, पहिल्या ८ तासांत सुरू झाला तर सर्वांत चांगला.

स्टेरॉइडचं एकच सांगतो: ताप आणि सूज दबली म्हणजे संसर्ग गेला असं नाही. शुगर तपासत राहा, आणि बरेच आठवडे चालू असलेली गोळी एकदम बंद करू देऊ नका, अ‍ॅड्रिनल ग्रंथी (शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणारी) तोवर झोपलेली असते.

रिकव्हरी_रूम

मॉर्फिनची भीती वाटते हे चांगलंच आहे, फक्त त्या भीतीपायी पेशंटला कळा सोसत ठेवू नका.

मॉर्फिनने श्वास मंदावतात म्हणून सगळे श्वास मोजतात, पण त्याआधी गुंगी वाढते. ऑपरेशननंतरच्या एका आजी मला नातवाबद्दल सांगत होत्या. "तो ना, शाळेत..." इथपर्यंत आल्या आणि डोळे मिटले. हाक मारली की उघडायचे, पुन्हा तीन शब्द आणि पुन्हा झोप. श्वास तेव्हा मिनिटाला १२ होते, कागदावर सगळं ठीक. मी पुढचा डोस थांबवला आणि डॉक्टरांना कळवलं. वीस मिनिटांत श्वास ८ वर आले.

श्वास मोजायचे ते पेशंटला उठवण्याआधी आणि पूर्ण एक मिनिट. हाक मारल्यावर तो दोन मोठे श्वास घेतो आणि तुम्ही फसता.

मॉर्फिनचा उतारा म्हणजे नॅलोक्सोन. ते आम्ही ०.४ मिलिग्रॅमचं अँप्यूल सलाईनने १० मिली करून डॉक्टरांच्या सांगण्यावरून थोडं थोडं देतो. एकदम दिलं तर श्वासाबरोबर सगळी वेदनाही परत येते. आणि त्याचा असर मॉर्फिनच्या आधी उतरतो, त्यामुळे पेशंट जागा झाला म्हणून चहाला जायचं नाही.

अवांतर: बद्धकोष्ठतेला शरीर सरावत नाही. मॉर्फिन सुरू झालं की रेचकाचं विचारून ठेवा.

पाठ_होत_नाही

सगळ्यांचे खूप आभार. इन्सिडंट रिपोर्ट भरला, हात थरथरत होता. डॉक्टरांनी फाइलवरची नोंद बदलली, मॅडमनी खाली सही केली. व्हॅन्कोमायसिनचं कार्ड फाडून नवं केलं, वर मोठ्या अक्षरात "५० थेंब". एक शंका राहिली: ट्रफ लेव्हलचं (रक्तात औषध किती आहे ते बघायचं) रक्त डोस संपल्यावर घ्यायचं ना?

रात्रपाळी

नाही! पुढचा डोस लावायच्या जरा आधी. ट्रफ म्हणजे तळ, बाटली नुकतीच संपल्यावर तळ कुठून दिसणार? आणि ज्या लाइनमधून औषध जातंय त्याच लाइनमधून रक्त काढू नका.