परीकथा आणि भयकथेचा सांधा: सौदा
डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या खेळात प्रत्येक खेळाडू एक पात्र साकारतो आणि खेळ चालवणारा गोष्ट रचतो. अशा खेळात व्हॅम्पायरचा किल्ला आणि परीराज्य एकाच मोहिमेत, म्हणजे अनेक सत्रं चालणाऱ्या गोष्टीत, विजोड वाटतात, असं काहींचं म्हणणं असतं. मला वाटतं, सौद्यातून दोन्ही जुळतात. चेटकिणीला नाणी घेऊ देऊ नका. तिने पात्राची सावली किंवा आईची आठवण मागावी, आणि तो तोटा पुढच्या सत्रापासून पात्राच्या पत्रकावर (त्याची माहिती लिहिलेल्या कागदावर) दिसावा. अटी मात्र आधीच शब्दशः वाचून दाखवा. लपवलेल्या अटीने खेळाडू घाबरत नाहीत, चिडतात.

हमखास होणारी चूक: डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या नियमांत टोळीतल्या तिन्ही हॅग (चेटकिणी) एकमेकींपासून ३० फुटांच्या आत असतील तरच त्यांना सामायिक मंत्र वापरता येतात. त्यामुळे तिसऱ्या लेव्हलच्या, म्हणजे अजून नवख्या पात्रांच्या, गटासमोर तीन नाइट हॅग (हॅगचा एक प्रकार) एकत्र आणल्या तर बहुधा सगळा गट मरतो. एकीला बाजाराला पाठवा.