'तडजोडीमुळे पेटंट पुनर्स्थापित झाले' : बरोबर की चूक?

मसुदेकार : उच्च न्यायालयानं पेटंट रद्द केलं. पेटंटधारक अपिलात गेला आणि सुनावणीआधीच दोघांनी आपसात मिटवलं. मराठी मसुद्यात शीर्षकातलं वाक्य आलंय. खटकतंय, पण नेमकं काय बदलू?

फोर्टकर : दोन्ही टोकं बदला. 'पुनर्स्थापन' पेटंट कायद्याच्या कलम ६० साठी राखून ठेवा. नूतनीकरणाची फी न भरल्यानं पेटंट व्यपगत झालं, तर १८ महिन्यांच्या आत फॉर्म १५ भरून ते जिवंत करतात, ते पुनर्स्थापन. इथे कलम ६४ खाली पेटंट रद्द झालंय, म्हणून 'रद्द करण्याचा आदेश अपिलात फिरवला' म्हणा. 'रद्दचा आदेश रद्द केला' लिहिलंत तर वाचणारा दोनदा मागे जाईल.

आता 'तडजोडीमुळे'. पेटंट साऱ्या जगाविरुद्ध चालतं. ते रद्द झालं की तिसरा कारखानदारही ती वस्तू बनवायला मोकळा होतो. दोघांच्या सह्यांनी त्याचे हात कसे बांधणार? फिरवणार ते अपील न्यायालयच.

अनुस्वार : मग 'अपील एकतर्फी चाललं' चालेल?

फोर्टकर : नको. नोटीस बजावूनही समोरचा फिरकला नाही की एकतर्फी. इथे त्यानं फक्त विरोध सोडलाय, म्हणजे 'विनाविरोध'. आणि विनाविरोध अपील आपोआप मंजूर होत नाही. इंग्लंडमध्ये तर अशा वेळी उत्तरवादीनं लगेच पेटंट कार्यालयाच्या कंट्रोलरला कळवायचं आणि कंट्रोलरनं १४ दिवसांत आपण हजर राहणार का ते सांगायचं, असा नियमच आहे. जगाची बाजू कुणीतरी मांडायला नको?

(खटल्यात 'प्रतिवादी', अपिलात 'उत्तरवादी'. हेही मसुद्यात तपासा.)

पुरसीस : तडजोडीच्या कागदाचं नावही जपून लिहा. तालुक्याच्या कोर्टात 'तडजोड पुरसीस' (पुरसीस म्हणजे पक्षकारानं कोर्टात दिलेलं लेखी निवेदन), मुंबई हायकोर्टात 'कन्सेंट टर्म्स', म्हणजे संमतीच्या अटी. 'मिनिट्स ऑफ ऑर्डर', म्हणजे वकिलांनी न्यायालयाच्या सोयीसाठी दिलेला आदेशाचा मसुदा, मात्र वेगळी चीज. त्यावरून झालेला आदेश संमतीचा आदेश नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. फरक कामाचा आहे, कारण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९६(३) प्रमाणे संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील होत नाही.

खरी माती होते ती एका ठरीव वाक्यानं : 'उभय पक्ष आपापल्या सर्व कार्यवाह्या मागे घेतील.' पैशाच्या दाव्यातून उचलून चिकटवलेलं असतं. त्यात अपीलही मागे जातं आणि रद्दचा आदेश अंतिम होऊन बसतो. त्यापुढे 'पेटंट रद्द करण्याच्या आदेशाविरुद्धचे अपील वगळून' हे शब्द हवेतच. उत्तरवादीसाठीही 'संमती आहे' लिहू नका, 'हरकत घेणार नाही' लिहा.

मसुदेकार : अपील दाखल व्हायच्या आधीच बोलणी सुरू असतील तर?

पुरसीस : बोलण्यांनी मुदत थांबत नाही. उच्च न्यायालयाच्या वाणिज्य विभागाच्या निकालावर ६० दिवस, कंट्रोलरच्या आदेशावर कलम ११७अ खाली ३ महिने. आधी अपील दाखल, मग चहा.

मसुदेकार : असं केलं : 'उभय पक्षांत तडजोड झाली. उत्तरवादीने हरकत न घेतल्याने अपील विनाविरोध चालले. न्यायालयाने पेटंट रद्द करण्याचा आदेश फिरवला.' पुढे 'पेटंट कार्यालयाला कळवले' ठेवू?

फोर्टकर : कलम १५१ प्रमाणे आदेश कंट्रोलरकडे जातो आणि पेटंटच्या नोंदवहीत चढतो. 'नोंदवहीत नोंद झाली' लिहा. 'कळवले' म्हटलं की अँटॉप हिलला, मुंबईच्या पेटंट कार्यालयात, नुसतं पत्र गेल्यासारखं वाटतं.