मदत हवी आहे: लेकीच्या जबड्यात जागा नाही, चार उपदाढा काढायच्या का? (इंदूर)

नमस्कार मंडळी,

लेक 11 वर्षांची. वरचे दोन्ही सुळे हिरडीतून उंचावरच बाहेर येताहेत, खालचे पटाशीचे दात एकमेकांवर चढलेत. इथल्या डॉक्टरांनी ओपीजी (सगळ्या दातांचा एकत्र) एक्स-रे काढून सांगितलं, जागाच नाही, चार उपदाढा (सुळे आणि दाढा यांच्या मधले दात) काढून तारा लावू.

सासूबाईंचं म्हणणं, "पोरीला चावायलाच नको, मग जबडा वाढणार कसा?" पोळी वरणात कुस्करून, वर पाणी पिऊन गिळते हे खरंय. त्यात आमचं इंदुरी खाणं: सकाळी पोहे, संध्याकाळी भुट्ट्याचा कीस, सराफ्याच्या खाऊगल्लीत गेलं की दहीवडा. दात लागतात कुठे? (शेव आहे म्हणा, पण तीही ही पोह्यात मऊ पडू देते.)

मग वाचत बसले. दात हिरडीबाहेर येतो तेव्हा त्याची रुंदी ठरून गेलेली असते, ती बरीचशी आनुवंशिक. जबड्याचं हाड मात्र वाढत्या वयात चावण्याच्या जोराप्रमाणे घडतं. हार्वर्डच्या डॅनियल लिबरमन यांनी 2004 मध्ये हायरॅक्स या सशाएवढ्या प्राण्यांवर प्रयोग केला. शिजवलेलं मऊ खाणाऱ्यांच्या चेहऱ्याच्या काही भागांची वाढ सुमारे 10 टक्के कमी भरली. मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट कोरुचिनी यांना चंदीगडच्या बाजूला शहरी मुलांचे दात खेड्यातल्या मुलांपेक्षा जास्त वेडेवाकडे आढळले होते. शिकार करून जगणाऱ्यांपेक्षा शेती करणाऱ्यांचे जबडे आखूड, असंही दिसलंय. म्हणजे सासूबाई निम्म्या तरी बरोबर!

पण आता या वयात गाजर, ऊस, भाकरी सुरू करून जागा होईल? की दात काढणं हाच उपाय? भाचा जबडा सुधारायला जीभ टाळूला लावून ठेवा म्हणणाऱ्या रील्स पाठवतोय, त्या मी बघत नाही.

प्रतिसाद: ताई, मी बडोद्याला दंतवैद्य आहे. ऊस जरूर द्या, पण आता त्यानं दाटी सुटणार नाही. पहिल्या कायमच्या दाढा सहाव्या वर्षाच्या आसपास येतात, त्यानंतर त्यांच्या पुढच्या भागात जागा फारशी वाढत नाही. टाळूचा मधला सांधा मात्र या वयात जुळून घट्ट झालेला नसतो, त्यामुळे वरचा जबडा अरुंद असेल तर प्लेटनं रुंद करता येतो. ते जमेल का, हे विचारा. आणि एक बघा, खालच्या दुधाच्या शेवटच्या दाढा पडल्यात का? त्यांच्या जागी येणारी उपदाढ अरुंद असते, दर बाजूला साधारण दोन मिलिमीटर जागा सुटते. मागची दाढ पुढे सरकली की ती जागा जाते, म्हणून वेळेत तार लावून अडवतात. दाटी फार असेल तर एवढ्यानं भागत नाही, उपदाढा काढाव्या लागतात. त्यात डॉक्टर चुकले असं नाही. दुसरं मत घ्याच, एक्स-रे सोबत न्या.

धागाकर्ती: टॉर्च लावून बघितलं. डावी हलतेय, उजवी घट्ट आहे. भेटीची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळतेय. तोवर डावी पडली तर चालेल, की आधीच दाखवू?

प्रतिसाद: आधीच दाखवा. पडेपर्यंत थांबू नका.