लिंगाचा रकाना काढून भागत नाही

'नोकरीच्या अर्जातून लिंगाचा रकाना काढला की अर्ज चाळणारं एआय मॉडेल भेदभाव करूच शकत नाही' असं म्हटलं जातं, ते पटलं नाही. ॲमेझॉनच्या बायोडेटा चाळणाऱ्या प्रणालीबद्दल रॉयटर्सने २०१८ मध्ये बातमी दिली होती. तिला शिकवलं दहा वर्षांच्या जुन्या अर्जांवर, त्यात बहुतेक पुरुषांचे. मग 'महिला बुद्धिबळ क्लबची कप्तान' असं काही दिसलं की गुण कमी. रकान्याची गरजच पडली नाही. कॉलेजचं नाव, नोकरीतला खंड यांतूनही तीच माहिती झिरपते.

उलट रकाना फेकून दिलात तर भेदभाव होतोय का हे तपासणार कशावर? तो मॉडेलला द्यायचा नाही, पण वेगळ्या तक्त्यात, फक्त मॉडेल तपासणाऱ्याला उघडेल असा ठेवायचा. मग हिशेब शाळकरी आहे: २०० पुरुषांतून ६० निवडले, म्हणजे ३० टक्के, १०० बायकांतून १८, म्हणजे १८ टक्के. १८ भागिले ३०, उत्तर ०.६. अमेरिकेतल्या चार-पंचमांश नियमाप्रमाणे ०.८ च्या खाली गेलं की धोक्याची खूण. (आकडे लहान असतील तर एकदोन माणसांनीही गुणोत्तर हलतं, तेवढं भान ठेवा.) गोम अशी, की बरेच जण हे गुणोत्तर अंतिम निवडीवर काढतात आणि बायकांची गळती झालेली असते पहिल्याच चाळणीत. प्रत्येक टप्प्याचं वेगळं काढा, विक्रेत्याने मॉडेल बदललं की पुन्हा काढा. आणि आवृत्ती बदलण्याआधी लेखी कळवण्याचं कलम करारात नसेल, तर बदल झाल्याचं तुम्हाला कळणारही नाही.