संस्थेची मूल्यं सगळ्यांना पटतात, मग रिपोर्टमध्ये खोटं कसं येतं?

नवीन_फील्डवाली
नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. बाणेरला एका इंटरनॅशनल डेव्हलपमेंट संस्थेत दोन वर्षं झाली, मॉनिटरिंगचं काम करते. जॉइन झाले तेव्हा तीन दिवस नुसतं इंडक्शन होतं, आपली मूल्यं काय, लोकांचा सन्मान म्हणजे काय, गाव आधी मग आपण वगैरे, आणि मला ते मनापासून पटलं होतं, आजही पटतं, म्हणूनच विचारतेय.

मागच्या महिन्यात भोरच्या बाजूला तीन गावांत गेले. आमच्या रिपोर्टमध्ये तिन्हीकडे पाणी समिती "कार्यरत" आहे. प्रत्यक्षात एका गावात समितीतल्या बायकांना आपण समितीत आहोत हेच माहीत नव्हतं, सह्या घरी जाऊन घेतलेल्या. एक आजी म्हणाल्या, रेशनचं काहीतरी असेल म्हणून अंगठा दिला. मी तसंच्या तसं लिहिलं. वरून उत्तर आलं, भाषा थोडी बदल, "क्षमता बांधणीची गरज" असं लिही, क्वार्टर संपतोय, डोनरला हे असं पाठवता येत नाही. कुणी ओरडलं नाही, उलट फार गोड बोलले आणि तेच जास्त लागलं.

माझे मॅनेजर वाईट नाहीत हो, कोविडमध्ये स्वतः रात्रीबेरात्री किट वाटत फिरलेत. सगळ्यांना हवं तेच आहे जे मला हवंय. मग हे होतं कसं? मोठ्या संस्थांत असंच चालतं का?

वारजे_जुना_कार्यकर्ता
चालतं, आणि फार मोठ्या ठिकाणी चाललेलं आहे, तू एकटी नाहीस.

जागतिक बँकेचं बघ. तिथे 1974 मध्ये मायकेल सेर्निया हे पहिले समाजशास्त्रज्ञ आले, अर्थतज्ज्ञ आणि इंजिनियरांच्या गर्दीत, आणि 1980 मध्ये बँकेचं विस्थापितांसाठीचं पहिलं धोरण झालं. म्हणजे मूल्य कागदावर आलं. आणि त्याच बँकेने 1985 ला नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणासाठी 45 कोटी डॉलरचं कर्ज दिलं तेव्हा किती माणसं उठणार, कुठे जाणार, याचा धड आराखडाच नव्हता. आपलं मणिबेली, त्या धरणात बुडालेलं गाव, आता नंदुरबारमध्ये येतं, तेव्हा धुळे जिल्हा होता, त्या लोकांनी किती वर्षं काढली त्यात. शेवटी 1992 ला बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीने सांगितलं की बँकेने स्वतःचे नियम पाळलेले नाहीत, आणि पुढच्या वर्षी मार्चमध्ये भारत सरकारनेच उरलेलं कर्ज नको म्हणून कळवलं.

पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्याच 1992 च्या दुसऱ्या अहवालात आहे, वापेनहान्स अहवाल, बँकेच्या आतलाच. त्यात आलं की इथे मंजुरीची संस्कृती आहे. म्हणजे कर्ज मंजूर करून आणलं की माणूस पुढे जातो, नंतर त्या प्रकल्पाचं काय झालं हे त्याला कुणी विचारत नाही. तपासलेल्या प्रकल्पांतले एक तृतीयांशाहून जास्त असमाधानकारक निघाले होते. तिथली माणसं काय दुष्ट होती? बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्नामारा यांनी 1973 मध्ये नैरोबीच्या भाषणात अतिगरिबांबद्दल बोलून बँकेची दिशा बदलली, त्यानंतर गरिबी हटवायची म्हणूनच किती हुशार पोरं तिथे गेली. वॉशिंग्टनच्या ऑफिसात भिंतीवरच आहे, दारिद्र्यमुक्त जगाचं स्वप्न. आता अध्यक्ष आपल्या खडकीत जन्मलेले अजय बंगा आहेत, त्यांच्या काळात 2023 ला त्या वाक्यात राहण्याजोग्या पृथ्वीची भर पडली. चांगलंच आहे ते. पण तुझ्या मॅनेजरच्या अप्रेझलमध्ये काय विचारतात? बजेट वेळेत खर्च झालं का आणि रिपोर्ट वेळेत गेला का, हेच ना? तर मग तो तेच करणार, किटं वाटणारा माणूस असला तरी.

कर्वेनगर_ताई
काका, अर्धं पटलं. मी बाहेर राहून बरीच वर्षं लसीकरणाचं काम केलंय आणि आकड्यांना इतकं झोडपू नका असं म्हणेन. युनिसेफमध्ये जिम ग्रँट 1980 ते 1995 प्रमुख होते, त्यांच्या खिशात कायम ओआरएसचं, म्हणजे जुलाबात द्यायच्या मीठ-साखरेच्या पुडीचं, पाकीट असायचं, राष्ट्राध्यक्षांना भेटायला गेले तरी तेच काढून दाखवायचे. वजन बघणं, ओआरएस, स्तनपान, लस, एवढ्या चार गोष्टींवर सगळी संस्था आणली त्यांनी. त्यावर टीकाही झाली, की बाकीची आरोग्यसेवा मागे पडते, आणि ती चूक नव्हती. पण आपण नेमकं कशासाठी आहोत हे ऑफिसातल्या प्रत्येकाला एका दमात सांगता यायचं आणि आकडा मोजायचा तो मूल जगलं का याच्या जवळचा असायचा. इथे आकडा मोजतोय समिती स्थापन झाली का, नळाला पाणी आलं का हे नाही. माझ्या मते दुखणं तिथे आहे.

फर्ग्युसनचा_माजी
हे वाचताना सारखं डेक्कन एज्युकेशन सोसायटी आठवतेय. 1884 मध्ये सुरू झाली, सगळे ध्येयाने एकत्र आलेले, टिळक काय, आगरकर काय. आजीव सदस्यांनी बाहेरून कमाई करायची नाही, थोडक्यात भागवायचं, असा टिळकांचा आग्रह, बाकीच्यांना घरसंसार दिसत होता, आणि त्यातून 1890 ला टिळक बाहेर पडले. पुढे गोखल्यांनी 1905 मध्ये भारत सेवक समाज काढला तेव्हा संस्था देईल त्यात समाधान मानायचं, पैसा मिळवण्यात शक्ती घालवायची नाही, ही सदस्यत्वाची शपथच करून टाकली.

आज होमलोन असलेल्या कुणाला मी अशी शपथ घ्या म्हणणार नाही. पण एक गोष्ट खूप मोठी वाटते, ती माणसं मूल्यांवरून उघड भांडली, टिळकांनी राजीनाम्याचं भलंमोठं पत्र लिहून आपली बाजू मांडली. तुमच्या ऑफिसात भांडणच होत नाहीये फील्डवाली ताई, नुसती भाषा बदलतेय. आणि एकाच टीममध्ये बाहेरून आलेल्याला डॉलरमध्ये पगार आणि घरभाडं, इथल्याला अकरा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, असं असेल तर वाद घालायची हिंमत करणार कोण?

फाइल_जपून_ठेवा
भीती खरी आहे. 2020 च्या एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या, दुरुस्तीनंतर परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही, त्यात आमच्यासारख्या छोट्यांचा आधार गेला, आणि 2025 मध्ये यूएसएआयडी ही अमेरिकी सरकारची मदत संस्था बंद झाल्यावर किती चांगल्या लोकांच्या नोकऱ्या गेल्या. त्यामुळे मॅनेजर घाबरतो हे मला कळतं.

तरी तू एवढं कर. तुझी मूळ फील्ड नोट तारखेसकट ठेव. बदललेल्या रिपोर्टला ती परिशिष्ट म्हणून जोडायची का, हे मेलवर विचार, तोंडी नको. आणि त्या समितीची यादी गावात वाचून दाखव. नर्मदेनंतर 1993 मध्ये जागतिक बँकेला इन्स्पेक्शन पॅनेल काढावं लागलं ते यासाठीच, की ज्याच्या घरादारावर परिणाम होतो त्याला थेट तक्रार करता यावी. तुमच्याकडे पॅनेल नसेल, पण ग्रामसभा आहे.

नवीन_फील्डवाली
सगळ्यांचे खूप आभार, रात्री दोनदा वाचलं. मेल आज पाठवला, अजून उत्तर नाही. गुरुवारी परत गावात चाललेय, यादीची झेरॉक्स घेतलीये, ग्रामसेवकांना फोन केलाय. त्या आजींचं नाव यादीत सातवं आहे, आधी त्यांच्याकडेच जाते.