'चेक' हा एकच शब्द इतक्या ठिकाणी कसा?

शहापूरचा विणकर:
नमस्कार मंडळी. वडिलांनी चाळीस वर्षं माग चालवला, आता मी चालवतोय. परवा चौकड्याच्या कापडाचा ताणा, म्हणजे उभे धागे, जोडत होतो, तर आठवीतली लेक म्हणाली, "बाबा, ह्या कापडाला चेक्स म्हणतात, बँकेतला कागद पण चेक, बाई वही बघतात ते पण चेकच. सगळं एकच काय?" मला सांगता येईना. 'असंच असतंय' म्हणून तिला गप्प बसवायचं नाही मला. चौकड्यांचा आणि तपासण्याचा काय संबंध? कुणाला नीट ठाऊक असेल तर सांगा की.

खानापूरच्या बाई:
लेकीला माझी शाबासकी सांगा. तिन्ही शब्द एकच आहेत, आणि त्यांचं मूळ बुद्धिबळाच्या पटावर आहे. फारसीत राजा म्हणजे शाह. समोरच्याच्या राजावर मारा आला की 'शाह!' म्हणून सावध करायचं. आपण 'शह दिला' म्हणतो तो हाच. हा शब्द अरबीतून लॅटिनमध्ये गेला, जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेक' झाला आणि १३०० च्या सुमारास इंग्रजीत 'चेक'. चेकमेट म्हणजे आपलं शहमात.

शह बसला की मनातले सगळे बेत सोडून आधी राजा वाचवावा लागतो. म्हणून चेक म्हणजे अडवणं, आळा घालणं. तपासण्याचा अर्थ बराच मागाहून, सतराव्या शतकाच्या अखेरीस आला. ताळा घेऊन बघायचं ते चुकीला आणि लबाडीला आळा बसावा म्हणूनच ना? बँकेचा चेकही त्याच वाटेनं आला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ते नाव स्थळप्रतीला, म्हणजे कागद फाडून दिल्यावर आपल्याकडं राहणाऱ्या भागाला होतं. खोटा कागद आला तर तिच्याशी ताडून पकडता यायचा. पुढं त्या कागदालाच चेक म्हणू लागले.

तुमच्या कापडाला नाव मिळालं ते पटावरच्या घरांमुळं. आणि हे खास तुमच्यासाठी सांगते: बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा वसूल मोजायला दहा फूट लांब, पाच फूट रुंद टेबल असायचं. त्यावर रेघांचं काळं कापड अंथरत, रेघांमध्ये फूटभर किंवा वीतभर अंतर. त्या रकान्यांत चकत्या सरकवून हिशोब चाले. ते टेबल पटासारखं दिसे, म्हणून खजिन्याच्या खात्याचं नाव 'एक्सचेकर' पडलं.

निपाणीचा ड्रायव्हर:
बाई, वाचून कोगनोळीचा चेकपोस्ट डोळ्यासमोर आला. पयलं गाडी अडवतात, मग कागद बघतात. तुमी सांगितलेले दोन्ही अर्थ तिथं एकापाठोपाठ येतात. इतकी वर्षं तिथनं जातोय, कधी ध्यानात आलं नव्हतं.

शहापूरचा विणकर:
बाई, फार उपकार झाले. काल रात्री लेकीला मागापाशी बसवून सगळं सांगितलं. आमचे वडील चेक्स कधीच म्हणाले नाहीत, चौकडाच म्हणायचे. ताण्यात लाल-पांढरं ज्या मापानं लावलंय त्याच मापानं बाण्याचा, म्हणजे आडव्या धाग्याचा, धोटा बदलायचा. दोन धागे इकडंतिकडं झाले तरी घर चौकोनी राहत नाही, लांबट होतंय. वडील फूटपट्टी न घेता अंगठ्याच्या पेरानं मोजायचे, आडवं एकदा, उभं एकदा. म्हणजे चौकडा विणताना तपासणी हातातच असते. हे तिला दाखवलं.

तिचा आणखी एक प्रश्न आहे: आपल्या शहापूरमधला शहा तोच काय?

खानापूरच्या बाई:
हो, शब्द तोच. आदिलशहातलाही तोच. आपल्याकडं फारसीतून थेट आला, आणि पुढं इंग्रजीबरोबर 'चेक' होऊन पुन्हा आला. आणखी मागं गेलात तर राज्य करणं या अर्थाच्या जुन्या धातूपाशी पोचाल. संस्कृतातलं 'क्षत्र' त्याच धातूचं.

शहापूरचा विणकर:
सांगतो तिला. आज सकाळी शाळेला जायच्या आधी मागावरच्या कापडात बोटानं आठ घरं आडवी, आठ उभी मोजून ठेवलीत तिनं. संध्याकाळी सोंगट्या मांडायच्यात म्हणते.