मदत हवी आहे: छोट्या फ्रेमच्या सायकलवर लिटरभराच्या दोन बाटल्या कशा बसवायच्या?

नमस्कार मंडळी,

सायकल चालवायला लागून दोन वर्षं झाली. आतापर्यंत ६५० मिलीच्या दोन बाटल्यांवर भागत होतं, कारण मजल असायची ती रविवारी पहाटे अक्कलकोट रोड आणि दहाच्या आत घरी. आता आम्ही तिघी मैत्रिणींनी सोलापूर-तुळजापूर-नळदुर्ग-सोलापूर अशी फेरी धरली आहे. साधारण १२५ किमी. फेब्रुवारीअखेर एकदा जाऊन आलो आणि पाण्याने चांगलाच धडा शिकवला.

तुळजापूरच्या घाटातच पहिली बाटली संपली. वर देवळाजवळ भरून घेतली. पण नळदुर्गपर्यंतचा पट्टा माझ्या वेगाने दोन तासांचा, त्यात ऊन डोक्यावर आलेलं. त्यापुढे हैदराबाद हायवेवर लागोपाठ रंबलर (वेग कमी करायला लावणारे आडवे उंच पट्टे) आले. तडतडतडतड, आणि मागच्या केजमधली (फ्रेमवर बाटली अडकवायच्या कडीतली) भरलेली बाटली उडून थेट लेनमध्ये. मी ब्रेक दाबेपर्यंत मागून आलेल्या ट्रकने तिचा पापड केला. डांबरावर पाण्याचा मोठा डाग पडला आणि आम्ही बघत असतानाच वाळून गेला. पुढचे पाऊण तास घसा कोरडा.

परत आल्यावर तावातावाने ९५० मिलीच्या दोन बाटल्या घेतल्या. दुकानात विचारलं, छोट्या फ्रेमला बसतील ना? "बसतंय की ओ ताई, सगळ्याला बसतंय!" घरी येऊन बघते तर पुढची कशीबशी बसते, मागची घालायला जावं तर झाकण वरच्या नळीला अडतं. तिरकी करून कोंबली, तर दोन्ही बाटल्यांची डोकी एकमेकांवर आपटतात. माझी उंची ५ फूट १ इंच, हायब्रिड सायकल, एस साइजची अ‍ॅल्युमिनियम फ्रेम. दोन्ही केज सायकलीबरोबर आलेल्या, पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या.

तर, मोठ्या बाटल्या बसवायची काही युक्ती आहे का? केज कुठली घ्यावी, म्हणजे बाटली उडणार नाही? स्टीलची थर्मास बाटली सायकलवर चालते का? दुपारी प्लॅस्टिकमधलं पाणी चहाला टाकता येईल इतकं तापतं.

---

घाटवेडा

ताई, दुकानदाराचं अर्धं खरं आहे. सायकलच्या बाटल्यांचा व्यास बहुतेक सारखाच असतो, ७३-७४ मिमी. म्हणून केजमध्ये सगळ्याच बसतात. पाणी वाढतं तशी बाटली जाड होत नाही, उंच होते. ६५० ची साधारण २० सेंमी, ९५० ची २५ च्या पुढे. तुमचं भांडण केजशी नाहीच, फ्रेमच्या त्रिकोणाशी आहे.

आता काही विकत घेऊ नका. जाड पुठ्ठ्याची ७४ मिमी व्यासाची नळी करा, केजमध्ये उभी करा आणि वरून कापत कापत ती सहज आत-बाहेर होईल तिथे थांबा. जी उंची उरेल, ती तुमची बाटली. आधी पुढच्या बाटलीची उंची ठरवा, मग मागचीची, कारण पुढची जितकी उंच तितकी मागचीला जागा कमी.

---

पाना_पकड

वरच्यात भर. तुमची केज वरून बाटली घालायची आहे. छोट्या फ्रेमला बाजूने उघडणारी केज मिळते, डावी आणि उजवी वेगवेगळी. बाटली वर न ओढता बाजूला काढायची असल्यामुळे झाकणाच्या वर बोटभर जागा असली तरी पुरते. उजव्या हाताने पाणी पीत असाल तर उजवीकडे उघडणारी घ्या. हे विचारूनच घ्या, माझ्या एका मित्राने उलटी आणली आणि वर्षभर डाव्या हाताने पाणी प्यायला शिकला.

दुसरं, केजच्या दोन बोल्टांमधलं अंतर ६४ मिमी असतं, जवळजवळ सगळ्या सायकलींना तेच. लांब खाचा असलेली पट्टी मिळते, ती मध्ये बसवली की केज दोन-तीन सेंमी खाली सरकवता येते. पुढच्या नळीवर हे जमतं. मागच्या नळीवर खाली फ्रंट डिरेलरचा (पुढचे गिअर बदलणाऱ्या भागाचा) पट्टा आडवा येतो, तिथे बघून.

आता उडालेल्या बाटलीविषयी. बाटलीच्या गळ्याजवळ खोबण असते, तिच्यात केजचा दात अडकला पाहिजे. पातळ अ‍ॅल्युमिनियमची केज वापरून सैल होते आणि दात नुसता टेकून राहतो. लिटरभर पाणी म्हणजे एक किलो, रंबलरवर ते वर-खाली नाचायला लागलं की सैल केज काय धरणार? हाताने दाबून घट्ट करता येते, पण चार वेळा दाबलीत की वेल्डजवळ तडकते. मोठ्या बाटलीला मी जाड नायलॉन-प्लॅस्टिकची केज सुचवेन. दिसायला बेंगरूळ, पण पकड मगरीची. नवीन असताना बाटली काढायला जोर लागतो, त्याला दोष समजू नका.

बोल्ट एम५ आहेत, ४ मिमीची एलन की (षटकोनी किल्ली) लागते (चपट्या टोपीचे असतील तर ३ मिमी). अ‍ॅल्युमिनियम फ्रेममध्ये आटे असलेली पितळी किंवा स्टीलची बुशिंग दाबून बसवलेली असते. बोल्ट फार आवळला की बुशिंगच फ्रेममध्ये गरगर फिरतं, मग बोल्ट ना निघतो ना बसतो. दोन बोटांत एलन की धरून आवळा, मुठीत धरून नको. बोल्ट घालताना आट्यांना ग्रीसचा ठिपका लावा.

---

बिसलेरीवाला

एवढा खटाटोप कशाला? टोपीकची मॉड्युला एक्सएल नावाची केज आहे, तिच्यात १ ते १.५ लिटरची साधी पाण्याची बाटली बसते. टपरीवर बाटली विकत घ्या, केजमध्ये टाका, निघा.

---

घाटवेडा

@बिसलेरीवाला, एस फ्रेमच्या त्रिकोणात दीड लिटरची बाटली? तिथे ताईंचे गुडघेसुद्धा बसवायचे आहेत. शिवाय ती बाटली चालत्या सायकलवर एका हाताने उघडून दाखवा, चहा माझ्याकडून.

---

थांबत_थांबत

माझं मत जरा उलटं. दोन लिटर पाणी वाहण्यापेक्षा भरायच्या जागा ठरवा. पेट्रोल पंप, एसटी स्टँड, शाळेचे नळ, धाबे. या रस्त्यावर पाणी अगदीच नाही असं नाही.

---

धागाकर्ती

@थांबत_थांबत, खरं आहे, पण आम्ही तिघीच असतो. रिकाम्या धाब्यावर चार टेबलं वळून बघत असतात तिथे थांबावंसं वाटत नाही. जिथे मनात येईल तिथेच थांबता यावं, पाणी संपलं म्हणून नाही. म्हणून जास्तीचं पाणी हवंय.

पाठीवरची पाण्याची पिशवी वापरून पाहिली. पाठ घामोळ्यांनी भरली, पुन्हा नाही.

---

थांबत_थांबत

हे डोक्यात आलं नाही, माफ करा. मग पाणी न्याच. एक लिटरची रिकामी मऊ बाटली घडी करून मागच्या पिशवीत ठेवा. तुळजापूरला भरायची, नळदुर्गला संपवून पुन्हा घडी. केजची चिंता नाही.

---

नर्सबाई

पाणी किती लागतं हे अंदाजाने ठरवू नका. फेरीच्या आधी आणि नंतर वजन करा. जितके किलो कमी, साधारण तितके लिटर कमी पडले. त्यात वाटेत प्यायलेलं मिळवलं की तुमचा घाम कळला. उन्हात तासाला अर्धा ते एक लिटर होऊ शकतो, माणसागणिक वेगळा. नुसतं पाणी ढोसू नका, सोबत मीठ जायला हवं.

इथे लिटरच्या बाटलीचा एक फायदा आहे जो कुणी सांगत नाही. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. ६५० च्या बाटलीत अख्खी पुडी टाकली की पाणी फार खारट-गोड होतं, अर्धी टाकली की उरलेल्या पुडीला दमट हवा लागते. ९५० मध्ये अख्खी पुडी टाका, प्रश्न मिटला. पुडी नसेल तर लिटरला सपाट ६ चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. पण एक बाटली साध्या पाण्याचीच ठेवा. तोंडावर मारायला, गुडघा फुटला तर धुवायला.

---

पाना_पकड

थर्मास राहिला. ऑफिसच्या स्टील बाटल्यांना खोबण नसते, म्हणून रंबलरवर त्याच पहिल्या उडतात. सायकलसाठीच्या दुहेरी भिंतीच्या मिळतात, पण जड आणि पाणी कमी मावतं. मी वापरत नाही. शिवाय खडखड आवाजाने डोकं उठतं.

---

जुनी_जीप

आमच्या लहानपणी जीपला पुढे कॅनव्हासची छागळ टांगलेली असायची. कापड पाझरायचं, वाऱ्याने ओल उडायची, आणि दुपारी दोन वाजता पाणी गारेगार. तुमच्या बाटलीवर जाड सुती मोजा चढवा आणि भिजवा. सोलापूरची हवा कोरडी, छान चालेल. कोकणात हा उद्योग करू नका, नुसता मोजा ओला राहतो.

मोज्यामुळे बाटली केजमध्ये घट्टही बसते. मात्र गळ्याच्या खोबणीवर येऊ देऊ नका, नाहीतर दात अडकणार नाही.

आणखी एक: रात्री बाटली अर्धी भरून आडवी फ्रीझरमध्ये ठेवा, सकाळी वरून पाणी भरा. पूर्ण भरून गोठवू नका, बर्फ फुगतो आणि बाटली फाटते. मी दोन फाडल्या आहेत.

---

धागाकर्ती

अपडेट देते.

मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची नळी केली (मुलगा विचारत होता, दुर्बीण का?). केज खाली सरकवल्यावर पुढे २६ सेंमी निघाले, मागे जेमतेम २१. म्हणजे मागे ९५० बसणारच नव्हती, कितीही कोंबली तरी. पुढे ९५० ची, जाड प्लॅस्टिकच्या केजमध्ये. मागे जुनी ६५० ची, उजवीकडे उघडणाऱ्या केजमध्ये. घडीची बाटली पिशवीत. सगळं मिळून २.६ लिटर, आधीच्या दुप्पट.

काल त्याच हायवेच्या रंबलरवर मुद्दाम तीनदा जाऊन आले. प्लॅस्टिकच्या केजमधली हलली नाही. पहिल्यांदा काढताना मात्र सायकलच तिरकी झाली, त्यामुळे सध्या थांबूनच पिते आहे. मोजा कमाल आहे! साडेअकराला पाणी माठातल्यासारखं नाही, पण पिण्याजोगं होतं. मैत्रिणीच्या बाटलीतलं तोंडात धरवत नव्हतं. तिने तिथेच एका पायातला मोजा काढला, आम्ही तिला आवरलं.

वजनही केलं. तीन तासांत १.८ लिटर पिऊनसुद्धा ७०० ग्रॅम कमी भरलं, म्हणजे घाम अडीच लिटर! नर्सबाई, ओआरएसचा डबा आणला आहे.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे पाचला निघतोय. ९५० मिलीची एक नवी कोरी बाटली माझ्याकडे पडून आहे, दुकानदार परत घेत नाही. सोलापुरात मोठ्या फ्रेमवाल्या कुणाला हवी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.